शतरंजच्या पटावरील दाणे

उर्दूत तुम्ही ज्या खेळाला शतरंज म्हणता, त्याला मराठीत बुद्धिबळ म्हणतात. संस्कृतातील 'चतुरंग' हा शब्द इराणात गेला, तेथून अरबीत गेला आणि 'शतरंज' होऊन परत आपल्याकडे आला. या खेळाच्या पटावर आठ ओळी असतात. प्रत्येक ओळीत आठ घरे असतात. म्हणजे एकूण चौसष्ट घरे झाली. आज आपण राजा, वजीर, उंट, घोडा ही सगळी मंडळी बाजूला ठेवू आणि पटाच्या रिकाम्या घरांकडेच पाहू. या घरांतून एक वीस अंकी संख्या तयार होते. त्या संख्येची आपल्याला ओळख करून घ्यायची आहे.

इब्न खल्लिकान हे दमास्कस शहराचे काझी होते. इ. स. १२८२ मध्ये ते वारले. त्यांनी नामवंत माणसांची चरित्रे सांगणारा एक मोठा अरबी ग्रंथ लिहिला. त्यात ही गोष्ट आली आहे. हिंदुस्थानात शिहराम नावाचा राजा होता. दाहिरचा मुलगा सिस्सा याने त्याच्यासाठी शतरंजचा खेळ शोधून काढला. राजा खूश झाला आणि म्हणाला, "तुला काय हवे ते माग." सिस्साने पटाकडे बोट दाखवले. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे प्रत्येक घरात आधीच्या घराच्या दुप्पट दाणे ठेवत जा आणि चौसष्ट घरे भरा, एवढेच त्याने मागितले. राजाला ही मागणी फार क्षुल्लक वाटली. पण दरबारातील हिशेबनीस हिशेब करून आले आणि म्हणाले, "महाराज, एवढा गहू आपल्या कोठारात नाही."

ही गोष्ट खरोखर घडली असेल असे कोणी मानत नाही. पण काझीसाहेबांनी पुढे जे लिहिले आहे ते मला गोष्टीपेक्षा जास्त आवडते. त्यांना स्वतःलाही हे पटले नव्हते. एकेक दाणा करत करत राजाची कोठारे रिकामी होतील, हे त्यांना अशक्य वाटत होते. मग त्यांना अलेक्झांड्रियाचा एक हिशेबनीस भेटला. त्याने कागदावर दुप्पट करत जाऊन दाखवले. सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे आले. एवढ्या दाण्यांनी धान्याचे एक माप भरते असे त्याने ठरवले. पुढे मापांची पोती झाली, पोत्यांचे कोठार झाले, कोठारांचे शहर झाले. शेवटच्या, म्हणजे चौसष्टाव्या घरात पोहोचल्यावर अशी धान्याने भरलेली १६,३८४ शहरे लागली. जगात एवढी शहरे तरी आहेत का, असा प्रश्न उभा राहिला आणि काझीसाहेबांची खात्री पटली.

तुम्हीही काझी व्हा. कोणी मोठी संख्या सांगितली की लगेच मान डोलावू नका. हिशेब मागा. या धड्यात जे जे सांगितले आहे ते कागद-पेन्सिल घेऊन तुम्हाला तपासता येईल.

प्रथम बेरीज करू. एक, दोन, चार, आठ... अशा चौसष्ट संख्या एकाखाली एक लिहून बेरीज करणे कंटाळवाणे काम आहे. त्यापेक्षा एक युक्ती करू. पटाबाहेरून एक जादा दाणा उसना आणू आणि पहिल्या घराशेजारी ठेवू. पहिल्या घरातील एक दाणा आणि हा उसना दाणा मिळून दोन झाले. दुसऱ्या घरात दोनच आहेत. ते मिळून चार झाले. तिसऱ्या घरात चार आहेत. ते मिळून आठ. असे करत गेलो की प्रत्येक वेळी हातातले दाणे पुढच्या घरातील दाण्यांइतकेच असतात आणि त्यांची दुप्पट होते. चौसष्ट घरे संपल्यावर हातात किती दाणे असतील? एका दाण्यापासून आरंभ करून आपण चौसष्ट वेळा दुप्पट केली, म्हणून २ चा ६४ वा घात. आता उसना दाणा परत करा. म्हणजे पटावरील एकूण दाणे २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी आहेत.

याच युक्तीतून आणखी एक गोष्ट कळते. कोणत्याही घरातील दाणे त्याच्या आधीच्या सर्व घरांतील दाण्यांच्या बेरजेपेक्षा नेमक्या एकाने जास्त असतात. पाचव्या घरात सोळा दाणे आहेत. आधीच्या चार घरांत एक, दोन, चार, आठ मिळून पंधरा आहेत. शेवटच्या एका घरात उरलेल्या त्रेसष्ट घरांपेक्षा एक दाणा जास्त आहे.

आता २ चा ६४ वा घात काढायचा कसा? चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची गरज नाही. अल्बेरूनी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांनी पुढे हिंदुस्थानात येऊन संस्कृत शिकून घेतले आणि 'किताब-उल-हिंद' लिहिले. त्याआधी, सुमारे इ. स. १००० मध्ये, त्यांनी 'आसार-उल-बाकिया' हा ग्रंथ लिहिला. त्यात शतरंजच्या दाण्यांचा हिशेब आहे. १६ म्हणजे २ चा चौथा घात. १६ चा वर्ग केला की २५६, म्हणजे आठवा घात. त्याचा वर्ग ६५,५३६, म्हणजे सोळावा घात. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बत्तिसावा घात. त्याचा आणखी एकदा वर्ग केला की चौसष्टावा घात हाती येतो. चार गुणाकारांत काम संपले. शेवटी एक वजा केला की आपली संख्या मिळते :

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

हजार वर्षांपूर्वी अल्बेरूनींनी हीच संख्या काढली होती.

ती वाचायची कशी? भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात एकं, दहं, शतं यांपासून पुढे कोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी अठरा स्थानांची नावे दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. तेथे यादी संपते. आपली संख्या त्याच्याही पुढे जाते. ती १८४ परार्धांहून मोठी आहे. कोटीच्या भाषेत सांगायचे तर एका कोटीला कोटीने गुणा आणि ते उत्तर एक लाख चौऱ्याऐंशी हजार वेळा घ्या, तेव्हा आपण तिच्याजवळ येतो.

भास्कराचार्यांचे नाव निघाले म्हणून थोडे थांबू. महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तेथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला होता, आणि त्याची माहिती देणारा शिलालेख आहे. 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजी यांनी इ. स. १५८७ मध्ये केले. या ग्रंथातही दुपटीचे एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे वचन दिले. तर महिन्याभरात त्याने किती दिले? तीस दिवसांच्या कवड्या होतात २,१४,७४,८३,६४६. त्या काळच्या निष्क या नाण्यात त्या मोजल्या तर १,०४,८५७ निष्क भरतात आणि वर काही सुटे नाणे उरते. दोन कवड्यांपासून निघालेला दाता एका महिन्यात लाखावर निष्क देऊन बसला! गंमत अशी की या उत्तरात एकच कवडी मिळवली तर २,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या होते. ती मूळ आहे हे ऑयलर या गणितज्ञांनी इ. स. १७७२ मध्ये सिद्ध केले. या ऑयलरांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

आता पटाकडे वळू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम धरू. म्हणजे एक किलोत २५,००० दाणे. पटाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे बत्तीस घरे भरायला सुमारे १७२ टन गहू लागेल. दहा टनांचे अठरा ट्रक आणले की काम भागेल. कोणताही राजा एवढे सहज देईल. म्हणूनच शिहराम फसला. पट अर्धा भरला तरी संकट दिसत नाही. पूर्ण पटासाठी मात्र सुमारे ७३,८०० कोटी टन गहू हवा. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे जगातील प्रत्येक शेत नऊशेहून अधिक वर्षे फक्त सिस्सासाठी पिकवावे लागेल. दाणे मोजायला बसाल तर सेकंदाला एक या वेगाने ५८,००० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे.

एवढी मोठी संख्या पाहून माणूस गप्प होतो. पण गणितात संख्या किती मोठी आहे यापेक्षा ती कशी बनली आहे याला जास्त महत्त्व असते. आपली संख्या कशी बनली हे आपल्याला नेमके ठाऊक आहे. म्हणून तिला न भागताही तिच्याविषयी बरेच काही सांगता येते.

समजा, हे सारे दाणे सात माणसांत सारखे वाटायचे आहेत. किती उरतील? वीस अंकी संख्येला ७ ने भागत बसू नका. पटाकडे पाहा. सलग तीन घरे घेतली, तर त्यांतील दाणे १ + २ + ४ = ७ किंवा याच्या दुप्पट, चौपट असे असतात. म्हणजे सलग कोणतीही तीन घरे सात जणांत बरोबर वाटली जातात. चौसष्ट घरांतून तीन-तीन घरांचे एकवीस गट काढले की एक घर उरते. पहिले घर उरू द्या. त्यात एक दाणा आहे. म्हणून बाकी एक. झाले उत्तर!

नऊ माणसे असतील तर? सलग सहा घरांची बेरीज ६३ किंवा तिची पट असते, आणि ६३ ला ९ ने भाग जातो. सहा-सहाचे दहा गट काढले की पहिली चार घरे उरतात. त्यांत १५ दाणे आहेत. १५ ला ९ ने भागले की बाकी ६. आता ही बाकी दुसऱ्या बाजूने तपासून पाहू. तुम्हाला माहीत आहे की एखाद्या संख्येतील अंकांची बेरीज करून तिला ९ ने भागले, तर तीच बाकी मिळते. आपल्या वीस अंकांची बेरीज करा. ती ८७ येते. ८ आणि ७ पंधरा, १ आणि ५ सहा. बाकी सहाच. म्हणजे वर छापलेली संख्या या परीक्षेत पास झाली. पण सावध राहा. छापताना दोन अंकांची अदलाबदल झाली असती तरी बेरीज ८७ च आली असती. ही परीक्षा चूक पकडते, पण संख्या बरोबर असल्याची हमी देत नाही.

शेवटचा अंक ५ का आला, हे तुम्ही स्वतः शोधा. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चाराच्या फेऱ्यात येतात, एवढे सांगितले की पुरे.

आता या संख्येचा सर्वांत सुंदर गुण पाहू. तिचे अवयव काढू. येथेही भागाकार करायचा नाही, पट फक्त दुमडायचा आहे.

पहिल्या दोन घरांत १ + २ = ३ दाणे आहेत. पुढच्या दोन घरांत त्यांच्या चौपट आहेत. म्हणून पहिल्या चार घरांत ३ ची पाच पट, म्हणजे १५. पुढची चार घरे या चार घरांच्या सोळा पट आहेत. म्हणून आठ घरांत १५ ची सतरा पट, म्हणजे २५५. पुढची आठ घरे या आठांच्या २५६ पट. म्हणून सोळा घरांत २५५ × २५७. त्यापुढची सोळा घरे याच्या ६५,५३६ पट. म्हणून बत्तीस घरांत आधीच्या संख्येची ६५,५३७ पट. आणि पटाचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्या भागाच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून पूर्ण पटावर पहिल्या अर्ध्या भागाची ४,२९,४९,६७,२९७ पट. पाहा, दर वेळी "इतके पट आणि वर मूळचा एक भाग" असे होते, म्हणून २ चा घात अधिक एक हा गुणक येतो. म्हणजे आपली संख्या अशी :

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

ज्यांनी बीजगणितात वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र शिकले आहे त्यांच्या लक्षात आले असेल की हे तेच सूत्र आहे. बेरीज गुणिले वजाबाकी. फक्त ते सहा वेळा वापरले आहे.

या सहा अवयवांपैकी पहिले पाच मूळ संख्या आहेत. म्हणजे १ आणि ती संख्या यांखेरीज त्यांना दुसऱ्या कोणत्याही संख्येने भाग जात नाही. ३, ५ आणि १७ तर दिसतातच. २५७ साठी १६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झाले. ६५,५३७ साठी २५६ पर्यंत जावे लागते. एका दुपारचे काम आहे. प्रश्न आहे तो सहाव्या अवयवाचा. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

पिअर द फर्मा हे फ्रान्समधील तुलूझ शहरात न्यायालयात काम करत. म्हणजे तेही काझीच म्हणा ना! गणित हा त्यांचा छंद होता, पण त्यांच्याइतके गणित जाणणारे त्या काळी युरोपात फार थोडे होते. इ. स. १६४० मध्ये त्यांनी पत्रातून कळवले की अशा प्रकारच्या सर्वच संख्या मूळ आहेत असे आपल्याला वाटते. अशा प्रकारच्या म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ४,२९,४९,६७,२९७ आणि अशाच पुढच्या. दर वेळी आधीच्या संख्येतून एक वजा करायचा, उत्तराचा वर्ग करायचा आणि एक मिळवायचा. आपल्याकडे याची सिद्धता नाही हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले होते. पण पाच उदाहरणे बरोबर निघाली होती आणि फर्मांसारखा माणूस सांगत होता. मग शंका कोण घेणार?

शंका घेणारा भेटायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. इ. स. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख यांनी रशियातील पीटर्सबर्ग येथे राहणाऱ्या तरुण लिओनार्ड ऑयलर यांना पत्र लिहून विचारले, "फर्मांचे हे मत तुम्हाला ठाऊक आहे का?" ऑयलर कामाला लागले. इ. स. १७३२ मध्ये त्यांनी उत्तर दिले. फर्मांचे मत चूक होते. सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो :

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

हा गुणाकार करून पाहायला पाच मिनिटे लागत नाहीत. आता ६४१ हीच संख्या कशी सापडली? ऑयलर यांनी पुढे दाखवून दिले की या संख्येला मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पाढ्यातील एखाद्या संख्येपेक्षा एकाने मोठा असला पाहिजे. म्हणजे ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यांतल्या मूळ संख्या घ्या. १९३ ने भाग जात नाही. २५७ ने नाही, ४४९ ने नाही, ५७७ ने नाही. पाचवी ६४१. पाचव्या प्रयत्नात दरवाजा उघडला!

गुणाकार न करताही हा भाग का जातो हे समजून घेता येते. हा परिच्छेद सावकाश वाचा. ६४१ मध्ये एक कमी म्हणजे ६४०. म्हणून ६४० ची बाकी "उणे एक" मानू. उणे एक चार वेळा गुणले की अधिक एक. म्हणून ६४० चा चौथा घात ६४१ ने भागला तर बाकी एक उरते. आता ६४० म्हणजे ५ × १२८. ५ चा चौथा घात ६२५, आणि १२८ चा चौथा घात म्हणजे २ चा २८ वा घात. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी आहेत, म्हणून ६२५ च्या जागी "उणे १६" घेता येते. १६ म्हणजे २ चा चौथा घात. तो २ च्या २८ व्या घाताला गुणला की २ चा ३२ वा घात होतो. म्हणजे "उणे २ चा ३२ वा घात" याची बाकी एक आहे. याचाच अर्थ, २ च्या ३२ व्या घातात एक मिळवला तर बाकी काहीच उरत नाही. आणि ४,२९,४९,६७,२९७ ही तीच संख्या आहे.

६७,००,४१७ ही संख्या मात्र मूळ आहे. तेव्हा पटावरील दाण्यांचे सर्व मूळ अवयव आता आपल्यासमोर आहेत :

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७

सातही अवयव वेगवेगळे आहेत. कोणताही दोनदा आलेला नाही. यामुळे आणखी एक प्रश्न सुटतो. हे सारे दाणे न तोडता, काही न उरता किती प्रकारे सारखे वाटता येतील? म्हणजे या संख्येचे विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोन पर्याय आहेत. सात अवयव आहेत म्हणून २ ला सात वेळा घेऊन गुणायचे. उत्तर १२८. पटाच्या आठव्या घरात जेवढे दाणे, तेवढेच विभाजक.

पहिल्या पाच फर्मा संख्यांचे महत्त्व भूमितीतही आहे. इ. स. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी दाखवले की केवळ पट्टी आणि कंपास घेऊन सतरा समान बाजू व समान कोन असलेली आकृती काढता येते. १७ ही फर्मांची मूळ संख्या आहे म्हणून ते शक्य होते. सात बाजूंची तशी आकृती मात्र पट्टी-कंपासने काढता येत नाही.

आपली वीस अंकी संख्या आणखीही दोन ठिकाणी भेटते. इ. स. १८८३ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्यूका यांनी तीन खांब आणि चकत्यांचे एक कोडे विकायला काढले. मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही आणि एका वेळी एकच उचलायची, असा नियम. कोडे खपावे म्हणून काशीच्या एका देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत अशी कहाणीही त्याला जोडली गेली. ती कहाणी बनावट आहे, पण चौसष्ट चकत्या हलवायला पटावर जितके दाणे तितक्याच चाली लागतात, हे खरे आहे. दुसरे ठिकाण म्हणजे संगणक. पटावरची काही घरे निवडून त्यांतील दाण्यांनी हवी ती संख्या बनवता येते. १०० हवे असतील तर सातवे, सहावे आणि तिसरे घर निवडा : ६४ + ३२ + ४. प्रत्येक संख्येसाठी घरांची निवड एकच असते, दुसरी नाही. संगणक संख्या अशाच ठेवतो. निवडलेले घर म्हणजे १, सोडलेले घर म्हणजे ०. आजच्या बहुतेक संगणकांत आणि मोबाइल फोनमध्ये अशी चौसष्ट घरे एकत्र वापरली जातात. सगळी घरे १ झाली की सिस्साची संख्या तयार होते, आणि तेवढ्या घरांत त्याहून मोठी संख्या मावत नाही.

फर्मांच्या संख्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. ३ ला शून्यावी मोजले तर ६५,५३७ ही चौथी ठरते. तिच्यानंतरची एकही फर्मा संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सर्व संख्या मूळ नाहीत हे सिद्ध झाले आहे. त्यांतही विसावी आणि चोविसावी या दोन विचित्र आहेत : त्या मूळ नाहीत हे नक्की ठाऊक आहे, पण त्यांचा एकही अवयव कोणाला सापडलेला नाही. तेहेतिसावी फर्मा संख्या लिहायची तर अडीचशे कोटींहून अधिक अंक लागतात. ती मूळ आहे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.